खालचा कप्पा

रत्नागिरीत मांडवीजवळ एक निवृत्त गुरुजी राहत. उभा जन्म भूगोल शिकवला आणि पोटाला चिमटा काढून अशनी, म्हणजे आकाशातून पडलेले दगड, जमवले. कपाटाच्या वरच्या कप्प्यात खरे अशनी. खालच्या कप्प्यात लोकांनी अशनी समजून आणून दिलेले भट्टीतले कीट आणि काळ्या कातळाचे तुकडे.

एका सकाळी दोघे एकदमच दारात आले. एक मुंबईचा व्यापारी, दुसरा मिऱ्याचा शाळकरी पोरगा.

पोराने पिशवीतून मुठीएवढा जड, काळपट गोळा काढला. "गुरुजी, पावसच्या सड्यावर मिळाला. याला लोहचुंबक चिकटतं!"

गुरुजी त्याला पुळणीवर घेऊन गेले. चुंबक कागदात गुंडाळून काळ्या वाळूत फिरवलं, तर त्याला वाळूची दाढी फुटली. "चिकटतं ते सगळं आभाळातलं, तर ही अख्खी पुळण कधी पडली रे?" पोरगा हसला. घरी येऊन गुरुजींनी फरशीच्या पाठीवर, झिलई नसते तिथे, गोळा घासला. तांबूस रेघ उमटली. "अशनीची अशी रेघ सहसा उमटत नाही. हा जांभ्यातला लोखंडाचा गोळा. इथलाच."

पोराचं तोंड उतरलं.

मग व्यापाऱ्याने मखमली डबी उघडली. दगडासोबत शिक्क्याचा कागद होता : 'गेल्या पावसाळ्यात राजापूर तालुक्यात पडलेला.' गुरुजींनी भिंग लावलं. कापलेल्या बाजूवर बारीक गोल कण, मधूनच चमकणारे धातूचे ठिपके. दगड अस्सल होता. तरी त्यांनी तो डबीत परत ठेवला.

"किंमत जास्त वाटते?"

"किमतीचं नाही, शेठ, कागदाचं बोलतोय. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोलला अशनी पडले, ते भरदुपारी आभाळ कडाडूनच. राजापुरात मात्र कुणाला चाहूलसुद्धा लागली नाही? आणि ताज्या अशनीवर जळलेला पातळ काळा पापुद्रा असतो. याचा केव्हाच झिजलाय, गंज आतपर्यंत मुरलाय. हा वर्षानुवर्षं वाळवंटात पडून होता. सहारातून असे कितीतरी बाजारात येतात. राजापूरचं नाव लावलं की इथलं गिऱ्हाईक चार पैसे जास्त मोजतं, एवढंच."

"पण दगड तर खरा आहे ना?"

"आहे. पण कुठे पडला, कधी पडला, कुणाला मिळाला, यावरच तर पुढचा अभ्यास चालतो. तिथेच थाप मारलीत, तर तुमच्या बाकीच्या शब्दांवर भरवसा कसा ठेवू?"

व्यापारी डबी मिटून निघून गेला. गुरुजींनी पोरापुढे कागदाची चिठ्ठी सरकवली. त्याने लिहिलं : 'जांभ्यातला लोखंडी गोळा. पावसचा सडा.' खाली नाव, तारीख.

"अशनी समजून उचलला, तेही लिही."

"कशाला, गुरुजी? लोक हसतील."

"हसू देत. उद्या दुसरा कुणी असाच गोळा घेऊन आला, की त्याला पहिल्यांदा हाच दाखवीन."

पोराने ती ओळ लिहिली आणि गोळा स्वतःच्या हाताने खालच्या कप्प्यात ठेवला.

तात्पर्य : खऱ्या नावाने ठेवलेला साधा दगडही चार जणांना शहाणं करतो, खोट्या नावाने आलेला अस्सल दगड जाणकाराच्या कपाटात जागा मिळवत नाही.