नेम कोणाचा?

यंदाच्या दसऱ्याची गोष्ट. आमच्या घरात दसऱ्याला पुस्तकांबरोबर माझ्या लहानशा लेथलाही झेंडूची माळ पडते. नोकरीतून सुटल्यावर हौसेने घेतलेले ते यंत्र. त्यावर मी घरच्यांच्या कड्याकोयंडे नि शेजाऱ्यांच्या पंख्यांचे बुश करीत बसतो. पूजा आटोपली आणि माझा नातू आपली एअर रायफल घेऊन आला. तिलाही गंधफूल वाहिले आणि ती माझ्या पुढ्यात ठेवून म्हणाला,

“आजोबा, हिची नळी वाकडी आहे. तुमच्या लेथवर हिचं तोंड थोडं छाटून द्या ना. क्लबातली मुलं म्हणतात, तोंड साफ केलं की नेम सुधारतो.”

2024 साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळाले, तेव्हापासून या पोराने हा ध्यास घेतला आहे. दहा मीटरवरून मारायचे, आणि लक्ष्याचा तो दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर! म्हणजे मोहरीच्या दाण्याहून लहान. तो चुकला तर नवल नाही. नवल वाटले ते त्याने ठरवलेल्या गुन्हेगाराचे. आमच्या घरात तसे कोणाचेच काही चुकत नाही. पोळी करपली तर तवा पातळ असतो, अक्षर बिघडले तर पेन वाईट असते. ही परंपरा नातवाने पुढे चालवली, एवढेच.

मी त्याला म्हटले, “बाळ, बंदुकीची नळी परवान्यावाचून आखूड करणे हा आपल्याकडे 1959 च्या कायद्याने गुन्हा आहे. तुझी हवेची असली तरी तिच्या नळीला मी हात लावणार नाही. ते काम क्लबातल्या जाणत्या माणसाचे.” तो हिरमुसला. पण त्याने टाकलेला प्रश्न माझ्या मनातून जाईना. नेम चुकला तर चूक कोणाची? हाताची की नळीची? हसू नका. या प्रश्नाचे उत्तर मी एकदा फार घाईने दिले होते, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणी मोजली.

विलायतेत जोसेफ व्हिटवर्थ नावाचा मोठा यंत्रज्ञ होऊन गेला. इंचाचा दशलक्षावा भाग मोजणारे यंत्र त्याने बनवले. चांगली रायफल कशी घडवावी हे शोधण्याचे काम 1854 साली सरकारने त्याच्याकडे सोपवले, तेव्हा त्याने मँचेस्टरजवळ आपल्या घराच्या आवारातच पाचशे यार्ड लांबीची बंदिस्त चांदमारी उभारली. नळीच्या आतल्या अंगाला पीळदार आटे असले की गोळी स्वतःभोवती भिंगरीसारखी फिरत जाते आणि त्या फिरण्यानेच तिचा तोल राहतो. व्हिटवर्थने गोल भोकाऐवजी पीळ दिलेले षट्कोनी भोक केले, आणि त्याच्या नळीचा नेम पाहून लोक थक्क झाले. 2 जुलै 1860 रोजी विम्बल्डनच्या मैदानावर राणी व्हिक्टोरियाने स्पर्धेची पहिली गोळी झाडली ती याच रायफलीतून. रायफल घट्ट आधारावर ठेवलेली, नेम व्हिटवर्थने आधीच लावलेला. राणीने फक्त रेशमी दोरी ओढली. चारशे यार्डांवर गोळी मध्यबिंदूपासून सव्वा इंचावर लागली. टाळ्यांचा कडकडाट झाला असेल, आणि तो राणीसाठी झाला असेल. पण मला विचारावेसे वाटते, तो नेम कोणाचा?

हाच प्रश्न अमेरिकेतल्या एका हौशी माणसाने आयुष्यभर विचारला. मॅसॅच्युसेट्स प्रांतातल्या मिलफर्ड गावचा फ्रँकलिन मॅन. शिक्षणाने डॉक्टर. कोंबड्यांच्या खाण्यासाठी हाडे बारीक करणारे एक यंत्र त्याने शोधले आणि ते चांगले खपले. हाती पैसा आणि वेळ आला तो त्याने घरच्या कारखान्यात आणि घरच्याच चांदमारीत घालवला. 1909 साली त्याने आपल्या प्रयोगांचे जाडजूड पुस्तक छापले. पुण्यात जुन्या पुस्तकांच्या दुकानात त्याची पुनर्मुद्रित प्रत मला मिळाली, ती मी कादंबरीसारखी वाचली. त्याची पहिली प्रतिज्ञाच मोठी विलक्षण आहे: नेमबाजीचा अभ्यास करायचा, पण नेमबाजाला वगळून! त्याने जाड नळ्या घेतल्या आणि त्या हलणार नाहीत अशा पक्क्या आधाराच्या खाचेत ठेवल्या. आता खांदा नाही, डोळा नाही, श्वास नाही, धास्ती नाही. तरीही गोळ्या सगळ्या एका भोकातून जाईनात. मग उरलेली चूक कोणाची? ती शोधण्यासाठी त्याने गोळीच्या वाटेवर ठिकठिकाणी कागदाचे पडदे लावले आणि ती कुठे कशी कलते याचा माग काढला.

त्याचा एक प्रयोग तर मला विसरताच येत नाही. त्याने काही गोळ्यांची टोके मुद्दाम चेपून विद्रूप केली, आणि काहींची बुडे. आपल्याला वाटेल, टोक बिघडले की गोळी भरकटणार. वारा कापत जायचे ते टोकानेच ना! पण झाले उलटे. टोक बिघडलेल्या गोळ्या जवळजवळ नीट गेल्या. बूड बिघडलेल्या मात्र दूर फेकल्या गेल्या. कारण असे की, गोळी नळीच्या तोंडातून सुटते त्या क्षणी मागचा दाबलेला वायू तिच्या बुडाला चाटून बाहेर पडतो. बूड तिरपे असले, किंवा नळीचे तोंडच एका अंगाला बिघडलेले असले, तर तो एका बाजूने आधी निसटतो आणि गोळीला जाता जाता धक्का देतो. नळीची लांबी कमीजास्त केली की गोळीचा वेग कमीजास्त होतो. नेमाचे भवितव्य मात्र पुष्कळदा त्या सुटण्याच्या क्षणी ठरते. क्लबातली मुले अगदीच चुकीचे बोलत नव्हती म्हणायची.

आता माझी गोष्ट सांगतो.

1976 साल. मी एका कारखान्यात तपासनीस होतो. लांब पोलादी नळकांडी आतून कातून गुळगुळीत करायचे काम आमच्याकडे असे. ते करणारा एक जुना कारागीर होता. आम्ही सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत असू. पन्नाशी उलटलेला, नुकताच चष्मा लागलेला. एका खेपेला त्याच्या हातची चाळीस नळकांडी एका टोकाशी आतून मोठी निघाली. मी मोजली. पुन्हा मोजली. दोन शतांश मिलिमीटरचा फरक, दर नळकांड्यात, त्याच टोकाशी. वरून कारण विचारले गेले. मी अहवालात लिहिले, “कारागिराच्या हाताचा दोष,” आणि सही ठोकली. मिस्त्रीला यंत्रावरून काढून गोदामात बसवले. तो काही बोलला नाही. दोन महिन्यांनी त्याने स्वतःहून नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी तो माझ्या टेबलाशी क्षणभर थांबला होता. मी मान वर केली नाही, मोजत होतो.

पुढे त्याच यंत्रावर एक तरणाताठा पोरगा आला. सातव्या महिन्यात त्याचीही नळकांडी तशीच निघाली, त्याच टोकाशी. तेव्हा कुठे यंत्र उघडले. चकजवळचे बेड झिजलेले होते.

वाचक म्हणतील, चूक तर कोणाकडूनही होते. खरे आहे. पण माझी चूक मोजमापाची नव्हती, हेच मला छळते. माझे गेज बिनचूक होते, आकडे बिनचूक होते. नेमबाजीत दोन गोष्टी वेगळ्या मानतात. पाच गोळ्या एकमेकींना चिकटून लागणे ही एक, आणि त्या मध्यबिंदूवर लागणे ही दुसरी. उत्तम नळी पहिली गोष्ट देते. तिचा नेम शेजारच्या झाडावर लावलेला असेल, तर त्या पाचही गोळ्या अचूकपणे झाडावर लागतील. माझे तसे झाले. चाळीस वेळा मी अचूक मोजले आणि चाळीसही वेळा भलत्याच माणसाकडे बोट दाखवले. उलट, दर नळकांड्यात तोच फरक, त्याच टोकाशी, हेच मला शहाणे करायला हवे होते. थकलेला हात इतका शिस्तीने चुकत नाही. इतक्या शिस्तीने चुकते ते यंत्रच.

आपल्याला लहानपणापासून अर्जुनाची गोष्ट सांगतात. पक्ष्याचा डोळा तेवढा दिसला, म्हणून तो थोर. गोष्ट खरी आहे, पण ती धनुर्धराची आहे. न्याय करायला बसणाऱ्याने झाड, फांदी, पाने सगळे पाहायला हवे, आणि धनुष्यही. मला तेव्हा फक्त मिस्त्रीचा चष्मा दिसला.

यंत्राचा दोष कळल्यावर मी त्याचा पत्ता शोधायला हवा होता. मी शोधला नाही. लाज वाटली म्हणा, भीती वाटली म्हणा. मॅनचे ते पुस्तक हाती आले ते बारा वर्षांनी, आणि तिरप्या बुडाच्या गोळीपाशी येऊन मी थांबलो. माणसाला आपण कुठे ठेवतो यापेक्षा त्याला सोडताना काय करतो, यानेच कधीकधी तो आयुष्याला कलतो. त्या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन मी मिस्त्रीच्या घरी गेलो. तो अंगणात खाटेवर बसला होता. मी सगळे सांगितले. तो शांतपणे ऐकत राहिला, मग म्हणाला,

“साहेब, मशीन बोलत होती. टोकाशी आली की तिचा आवाज बदलायचा. मला ऐकू येत होतं. पण तुम्ही विचारलंच नाहीत.”

“तुम्ही तरी सांगायचं होतं, मिस्त्री.”

“सही झाल्यावर सांगितलेलं कोण ऐकतं?” तो म्हणाला, आणि घरात हाक मारून त्याने चहा सांगितला. रागावला असता तर मला बरे वाटले असते.

म्हणून नातवाच्या तक्रारीवर मी हसलो नाही. आपल्या हाताचा दोष नळीवर ढकलणे वाईट, तसे यंत्राचा दोष माणसावर ढकलणेही वाईट. आणि दुसऱ्यात माणसाचे अन्न जाते. दोन्हींवर उपाय एकच: आधी तपासा, मग बोला. दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर क्लबात गेलो. तिथल्या शिक्षकांनी रायफल पक्क्या आधारावर ठेवली आणि स्वतः पाच छर्रे मारले. पाचांचे मिळून एकच भोक पडले, जरासे फाटके.

पोराचा चेहरा उतरला. नळी सरळ निघाली होती. म्हणजे आता...

“म्हणजे हात माझाच,” तो म्हणाला.

“हो,” मी म्हटले. “पण आता ते आपल्याला ठाऊक आहे. काल नुसते वाटत होते.”

घरी परतताना तो गप्प होता. कोपऱ्यावर आल्यावर त्याने विचारले, “आजोबा, नळी खरंच वाकडी निघाली असती तर?”

“तर मी तुझी माफी मागितली असती,” मी म्हणालो. “आणि तेही त्याच दिवशी.”