व्हायोलिनचा आत्मा

आपल्या गायनवृंदातले व्हायोलिन आपण रविवारी ऐकतो. त्याच्या पोटात, घोडीच्या पायाच्या किंचित मागे, स्प्रूस लाकडाची एक काडी उभी असते. ती सरसाने चिकटवलेली नसते. तारांच्या ताणामुळे वरची आणि खालची फळी तिला धरून ठेवतात. फ्रेंच आणि इटालियन कारागीर तिला 'आत्मा' म्हणतात. ती पडली की वाद्य वाजते, पण आवाजातला जीव जातो.

बाबांचे व्हायोलिन दादाने विश्वासाने माझ्याकडे दिले होते. पुसण्यासाठी मी चारही तारा एकदम काढल्या (असे कधी करू नये) आणि आत काहीतरी खडखडले. कारागीर म्हणाले, "जुनी काडी आखूड पडते, नवी करू." त्यांनी ती चाकूने तासली, टोकांना आतल्या बाकाप्रमाणे उतार दिला, वाकड्या सळईला टोचून फटीतून आत उभी केली, पुन्हा काढली, पुन्हा तासली. सगळी दुपार गेली. एक खुंटी चिरली होती, तीही शिसवीची नवी केली. मग त्यांनी विचारले, "हिला बाकीच्यांसारखी काळपट करू?" मी चटकन 'हो' म्हटले. दादाला कळू नये, एवढेच मनात होते.

घरी येताना ते 'हो' बोचू लागले. भाग बदलणे ही काही लबाडी नव्हे. १७३७ साली वारलेल्या स्त्रादिवारीच्या बहुतेक व्हायोलिनांच्या माना नंतर बदलल्या गेल्या आहेत, पोटातली पट्टीही. तरी ती त्याचीच मानली जातात. नवे लाकूड डोळ्यांना खुपू नये म्हणून रंगवणे हेही सभ्यपणाचेच. मग माझे काय चुकले? रंग तोच, हात तोच. पण मला तो एका माणसापासून काही लपवण्यासाठी हवा होता. विकताना गिऱ्हाईकाला 'सगळे मूळचेच आहे' असे सांगणारा आणि मी, यांत फार अंतर उरले नव्हते.

कारागिराने जुनी काडी आणि खुंटी कागदात बांधून दिली होती. ती पुडी मी दादापुढे ठेवली आणि घडले ते सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. बाबांच्या बोटांनी झिजलेली खुंटी त्याने खिशात घातली.

"आणि ही काडी? बाबांच्या वेळचीच ना?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो. "तीही आधी कुणीतरी बदललेली असेल."