यश मागावे काय?

परीक्षेचा निकाल जवळ आला की घराघरातील प्रार्थनेला आपोआप धार येते. आई नोव्हेना धरते, वडील मिस्सासाठी हेतू देऊन येतात. निकाल चांगला लागावा, नोकरी मिळावी, असे परमेश्वराकडे मागताना कोणालाच संकोच वाटत नाही. पण त्याच घरातील मुलगी एम. ए. चा अभ्यास संपवता संपवता म्हणाली, “माझी कथा चांगली उतरू दे, मला लेखिका होऊ दे, असे मी रोज मागते,” तर आपण क्षणभर थबकतो. नोकरी ही गरज आहे. लेखनातील यश ही हौस आहे, कदाचित अहंकारही आहे, असे आपल्या मनात येते. जे स्वतःच्या नावासाठी हवे आहे ते देवाजवळ कसे मागावे? आणि मागायचे नाही, तर त्या इच्छेचे करावे तरी काय?

शिक्षण संपत आलेल्या होतकरू लेखकाचे दिवस मोठे विचित्र असतात. परीक्षेला गुण असतात, तराजूला वजने असतात. लेखनाला असे हाती धरण्याजोगे माप नाही. सकाळी एक परिच्छेद मनासारखा जमला की सारे आयुष्य मार्गी लागल्यासारखे वाटते. रात्री तोच परिच्छेद वाचताना शरम वाटते. एखाद्या मासिकाकडून स्वीकृतीचे पत्र येते आणि आठवडाभर पाय जमिनीवर ठरत नाहीत. पुढचे हस्तलिखित ‘साभार परत’ येते आणि आपल्याला कधी लिहिताच येत नव्हते, अशी खात्री पटते. बरोबरीची मुले एव्हाना नोकरीला लागलेली असतात. शिष्यवृत्तीचे उरलेले महिने बोटांवर मोजता येतात. ‘पुढे काय?’ हा नातेवाइकांचा प्रश्न तर प्रत्येक लग्नाकार्यात ठरलेला. अशा चढउतारांत श्रद्धावान माणूस देवाकडे वळणारच. तो काय मागतो आणि मागता मागता त्याच्या मनाचे काय होते, याची एक अस्सल नोंद सुदैवाने उपलब्ध आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील जॉर्जिया राज्यात, सॅव्हाना शहरी, २५ मार्च १९२५ रोजी फ्लॅनरी ओकॉनर हिचा एका कॅथलिक कुटुंबात जन्म झाला. ती पंधरा वर्षांची असताना, १९४१ साली, तिचे वडील ल्यूपस या रोगाने वारले. मिलेजव्हिल येथील महिला महाविद्यालयातून १९४५ साली पदवी घेऊन ती पत्रकारितेच्या शिष्यवृत्तीवर आयोवा विद्यापीठात दाखल झाली. तेथे ललित लेखनाची पदव्युत्तर कार्यशाळा चालवणारे कवी पॉल एंगल यांना ती भेटावयास गेली, तेव्हा तिचे दक्षिणी उच्चार त्यांना कळेनात. शेवटी, जे सांगायचे ते कागदावर लिही, असे त्यांनी सुचवले. आपण पत्रकार नाही, आपल्याला या कार्यशाळेत यायचे आहे, असे तिने लिहून दिले. तिच्या कथा वाचून एंगल यांनी तिला प्रवेश दिला. वर्गात महायुद्धाहून परतलेल्या पुरुषांचा भरणा होता. ही मागे बसणारी, क्वचितच तोंड उघडणारी. सेंट मेरी चर्चमधील मिस्सा, मग वर्ग, मग लेखन आणि आईला जवळजवळ रोज एक पत्र, असा तिचा क्रम होता. १९४६ च्या उन्हाळ्यात ‘द जिरेनियम’ ही तिची पहिली कथा ‘ॲक्सेंट’ या नियतकालिकात छापून आली. १९४७ साली सहा कथांचा संग्रह प्रबंध म्हणून सादर करून तिने पदव्युत्तर पदवी मिळवली.

याच दिवसांत, जानेवारी १९४६ पासून सप्टेंबर १९४७ पर्यंत, ती एका साध्या वहीत देवाला उद्देशून लिहीत होती. तिच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी ही वही तिच्या कागदपत्रांत तिचे स्नेही विल्यम सेशन्स यांना सापडली आणि २०१३ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. विशीतल्या मुलीने, कोणी वाचील अशी अपेक्षा न ठेवता लिहिलेल्या या प्रार्थना आहेत. त्यांत ती अगदी उघडपणे यश मागते. आपण चांगली लेखिका व्हावे, आणखी एखादी कथा स्वीकारली जावी, असे ती म्हणते. आपण मध्यम प्रतीचेच राहू की काय, ही धास्ती ती लपवीत नाही. एखादी कथा साधली, तर आपण केवळ साधन होतो हे विसरू देऊ नकोस, अशीही विनवणी करते. प्रार्थना करताना मन भरकटते, त्याची तक्रार करते. आणि वहीचा शेवट काही विजयाने होत नाही. शेवटच्या पानावर आपल्या ओढाळ मनाला ती कंटाळलेली दिसते. देवाजवळ जाण्याची आस आणि नाव मिळवण्याची आस या दोन्ही एकाच वहीत, कधी एकाच पानावर, शेजारी शेजारी बसल्या आहेत.

हे वाचून काही वाचकांना अवघडल्यासारखे होईल. इच्छा ही मारण्याची वस्तू आहे, असा संस्कार आपल्यावर आहे, आणि त्यामागे थोर उदाहरणेही आहेत. इंग्रज कवी जेरार्ड मॅन्ली हॉपकिन्स यांनी १८६८ साली येशूसंघात प्रवेश करण्यापूर्वी आपल्या कविता जाळल्या. पुढची सात वर्षे त्यांनी जवळजवळ काहीच कविता लिहिली नाही. मात्र डिसेंबर १८७५ मध्ये ‘डॉइचलँड’ हे जहाज थेम्स नदीच्या मुखाजवळ फुटले आणि जर्मनीतून निर्वासित झालेल्या पाच फ्रान्सिस्कन भगिनी त्यात बुडाल्या. हॉपकिन्स तेव्हा वेल्समध्ये ईशज्ञानाचे विद्यार्थी होते. या घटनेवर कोणी तरी कविता लिहावी, असे त्यांच्या वरिष्ठांनी सहज बोलून दाखवले, आणि सात वर्षे दाबलेला झरा उसळून वर आला. ती दीर्घ कविता येशूसंघाच्याच मासिकाने छापली नाही. १८८९ साली हॉपकिन्स वारले. त्यांच्या कवितांचा संग्रह मित्र रॉबर्ट ब्रिजेस यांनी १९१८ साली काढला. हॉपकिन्स यांचा त्याग खोटा होता, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु जाळल्याने इच्छा जळाली नव्हती, एवढे तर स्पष्ट दिसते. वरिष्ठांच्या एका वाक्याची ती जणू वाट पाहत होती.

ओकॉनरने दुसरी वाट धरली. तिने इच्छा मारली नाही. ती देवापुढे मांडली. मारणे आणि मांडणे यांत केवढे अंतर आहे! जी इच्छा आपण दडपतो, ती साध्या विनयाचे कपडे घालून घरात वावरू लागते. ‘मला कशाला हवे नाव!’ असे म्हणणारा माणूस दुसऱ्याचे नाव छापून आले की रात्रभर तळमळतो. जी इच्छा आपण देवापुढे मांडतो, तिच्यावर निदान उजेड पडतो. तीत गरज किती, प्रेम किती आणि फुगीरपणा किती, हे मांडणाऱ्याला स्वतःलाच हळूहळू दिसू लागते. म्हणून यश मागावे काय, या प्रश्नाचे माझे उत्तर आहे: मागावे, पण मागणी खुली ठेवावी, म्हणजे देवाला तिच्यात फेरफार करता येईल.

ही खुली मागणी सोपी मात्र नाही. तिच्यातला धोका त्या मुलीनेच विद्यार्थिदशेत ओळखला होता. तिच्या प्रबंधातील सहा कथांत ‘द टर्की’ नावाची एक कथा आहे. एक लहान मुलगा रानात जखमी टर्कीच्या मागे धावतो. पक्षी हातचा निसटतो तेव्हा तो संतापून वाईटसाईट बोलतो. थोड्या वेळाने तोच पक्षी त्याला मरून पडलेला सापडतो. देवाने आपल्याला निवडले आहे, आपण बिघडू नये म्हणूनच हे बक्षीस दिले आहे, अशी त्याची समजूत होते. पक्षी खांद्यावर टाकून तो गावातून मिरवत जातो. देवाची परतफेड म्हणून एखादा भिकारी भेटू दे, असे मागतो आणि वाटेत भेटलेल्या एका बाईला आपले नाणे देऊनही टाकतो. मग मागून आलेली दांडगी मुले टर्की हिसकावून घेतात, आणि काळोखात घराकडे पळताना काही तरी भयंकर आपल्या पाठीशी लागले आहे, असे त्याला वाटते. यशाला देवाच्या पसंतीचा दाखला मानले की अपयश म्हणजे देवाची नापसंती, हे ओघानेच येते. ‘स्वीकृत’ आणि ‘साभार परत’ या दोन शिक्क्यांवर जो आपले देवाशी असलेले नाते तोलतो, त्याची गत या मुलासारखी व्हायची.

दुसरा धोका त्याच प्रबंधातील ‘द क्रॉप’ या कथेत आहे. मिस विलर्टन ही प्रौढ बाई न्याहारीनंतर मेजावरील तुकडे झाडता झाडता कथेसाठी विषय शोधते. पाववाले नकोत, शिक्षक नकोत, म्हणत ती एका गरीब खंडकऱ्यावर येऊन थांबते आणि त्याच्याविषयीच्या स्वप्नरंजनात रमून जाते. इतक्यात तिला वाणसामानासाठी दुकानात पाठवले जाते. रस्त्यावर खरोखरीचे सामान्य जोडपे दिसते, तेव्हा तिला किळस येते. घरी परतल्यावर खंडकरी टाकून ती नवा विषय धरते. या बाईला लेखिका असण्याची हौस आहे, पण माणसांकडे डोळे भरून पाहण्याची तयारी नाही. आपल्या मुलीला वा मुलाला नेमके काय हवे आहे, लेखक म्हणवून घेणे की लिहिणे, हे तपासण्यासाठी ही कथा चांगली कसोटी आहे.

मागितलेले ओकॉनरला मिळाले काय? पदवीच्या वर्षीच नियोजित कादंबरीसाठी तिला साडेसातशे डॉलरचे पारितोषिक मिळाले. पण ते देणाऱ्या प्रकाशकाशी मतभेद झाले आणि ‘वाइज ब्लड’ ही कादंबरी दुसऱ्या प्रकाशकाकडून १९५२ साली, पदवीनंतर पाच वर्षांनी, बाहेर पडली. दरम्यान १९५० च्या अखेरीस तिला वडिलांचाच रोग जडला. उरलेले आयुष्य तिने मिलेजव्हिलजवळच्या शेतावर आईसोबत, मोर पाळीत काढले. सकाळी मिस्सा आणि मग काही तास लेखनाचे मेज, हा नेम शरीर साथ देईल तोवर सुटला नाही. ३ ऑगस्ट १९६४ रोजी, एकोणचाळिसाव्या वर्षी, ती वारली. तिच्या समग्र कथांना अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार १९७२ साली मिळाला, तो घेण्यास ती नव्हती.

परंतु मला याहून अर्थपूर्ण वाटते ती एक वेगळी गोष्ट. आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत, आजारी अवस्थेत, तिने आपली पहिली छापील कथा ‘द जिरेनियम’ पुन्हा हाती घेतली आणि ती नव्याने लिहिली. ‘जजमेंट डे’ या नावाने ती तिच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. ज्या कथेने विद्यार्थिदशेतील पहिला आनंद दिला, तिला ती अठरा वर्षांनंतरही पुरी झाली असे मानीत नव्हती. यश मागता मागता तिची मागणी कशी बदलत गेली, हे यातून कळते. छापून येणे मागे पडले. कथा खरी उतरणे पुढे आले.

आणखी एक कटू सत्य सांगितले पाहिजे. कृष्णवर्णीयांविषयी तिने खाजगी पत्रांत वापरलेली भाषा निंद्य होती. त्यावर २०२० साली मोठी चर्चा झाली आणि मेरीलँडच्या लॉयोला विद्यापीठाने एका वसतिगृहाला दिलेले तिचे नाव काढून सिस्टर थिया बोमन या कृष्णवर्णीय धर्मभगिनीचे नाव दिले. चांगले लिहिण्याची कृपा म्हणजे पावित्र्याची कृपा नव्हे. एक मागून दुसरी आपोआप येत नाही. म्हणून लेखकाच्या प्रार्थनेत लेखनाखेरीज स्वतःच्या अंतःकरणासाठीही जागा हवी.

मत्तयच्या शुभवर्तमानातील दृष्टान्त आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. धनी परगावी जाताना तीन दासांच्या हाती धन सोपवतो; तिसरा भीतीपोटी ते जमिनीत पुरून ठेवतो. त्या धनाचे नाव ‘टॅलेंट’. अंगभूत गुण हा त्या शब्दाचा आजचा अर्थ याच दृष्टान्तातून रूढ झाला. धन्याला राग आला तो दासाने जास्त मागितले म्हणून नव्हे, तर भिऊन हात आवरला म्हणून. लेखनाची ओढ असलेल्या मुलांना आपण ‘आधी नोकरी बघ’ असे अवश्य सांगावे. पोट भरणे हेही देवाचेच काम आहे. पण विनयाच्या नावाखाली ती ओढ पुरायला लावू नये. त्यांच्या प्रार्थनेत आपणही सामील व्हावे आणि त्यांच्यासोबत इतके मागावे: जे दिसते ते खरेपणाने लिहिण्याचे बळ, चूक दाखवणाऱ्याचे ऐकण्याची तयारी, आणि टपालाने काहीही आले तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मेजाशी बसण्याचे धैर्य. यश त्यानंतर यायचे तेव्हा येईल.