पुढचा निभावला म्हणून

आभाळ स्वच्छ, अंगणात कोवळं ऊन, आणि नदीला पूर. यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरब गावात या तिन्ही गोष्टी एकाच सकाळी घडू शकतात. अडाण नदी येते कारंज्याकडून. रात्री तिकडे पावसानं झोडपलं की इथं एक थेंब पडलेला नसतानाही पहाटे पाण्याचा घोंगावता आवाज कानावर येतो. दारव्ह्याहून यवतमाळला जाणारा रस्ता याच नदीवरून जातो. पुलावरून पाणी गेलं की रस्ता थांबायचा. इकडची माणसं इकडे, तिकडची तिकडे.

अशीच एक सकाळ माझ्या मनातून जात नाही. मी तेव्हा कॉलेजात होतो, यवतमाळला परीक्षेचा फॉर्म भरायला निघालो होतो. पुलावर पाणी होतं, पण फार नव्हतं. कठड्याचे दगड दिसत होते. पाणी गढूळ, चहात जास्त दूध पडावं तशा रंगाचं. दोन्ही काठांवर पंचवीस-तीस माणसं उभी होती. कुणी विड्या ओढत होतं, कुणी मोबाइलवर पलीकडच्याला काठावरूनच सांगत होतं की, हो हो, निघालोच. तेवढ्यात एका पोरानं मोटरसायकल घातली पाण्यात. मधोमध गाडी जराशी डगमगली. सगळ्यांचा श्वास अडकला. आणि तो पलीकडे निघाला. त्यानं मागं वळून हात हलवला. इकडच्यांनी शिट्ट्या वाजवल्या.

त्या हात हलवण्यानं काठ बदलला. पाणी तेवढंच होतं, कदाचित बोटभर वाढलंच असेल. पण चार-पाच गाड्यांना एकदम किका बसल्या. मीही पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

माझ्या शेजारी एक म्हातारा दूधवाला सायकल धरून उभा होता. दोन्ही बाजूंना दुधाच्या कॅन. पलीकडे त्याचा रतीब. कुणीतरी त्याला म्हणालं, "जा ना जी, तो नाही का आत्ता गेला!" म्हाताऱ्यानं पाण्यावरची नजर न हलवता उत्तर दिलं, "त्याले जाऊ देल्लं तिनं. मले जाऊ देईन काय, हे इचारलं काय तुनं तिले?"

"पुढच्यास ठेच, मागचा शहाणा," ही म्हण आपण शाळेत शिकतो. ती खरी आहे, पण तिला एक अट आहे, आणि ती कुणी शिकवत नाही. पुढच्याला ठेच लागली पाहिजे. लागलीच नाही तर? पुढचा निभावला तर मागचा काय शिकतो? तो शिकतो की इथं दगडच नाही. एकाचं नशीब दुसऱ्याचं ज्ञान होऊन बसतं. आणि अशा ज्ञानाचा प्रचार फार सोपा असतो. जो निभावतो तो पलीकडच्या काठावरून हात हलवतो. जो निभावत नाही, तो सांगायला येत नाही.

माहिती कमी पडते म्हणून माणूस चुकतो, असं आपल्याला वाटतं. त्या काठावर माहिती कमी नव्हती. वेगानं वाहणारं पाणी जेमतेम वीतभर, १५ सेंटीमीटर असलं तरी उभ्या माणसाचे पाय सुटू शकतात. ३० सेंटीमीटर पाण्यात लहान मोटार तरंगायला लागते आणि ६० सेंटीमीटरमध्ये मोठी गाडीही टिकत नाही. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. हे आकडे सगळ्यांना ठाऊक नसतील, पण नदीकाठच्या माणसाला त्यांचा अर्थ पुस्तकाशिवाय कळलेला असतो. शिवाय गढूळ पाण्याखाली पूल शाबूत आहे की त्याचा एखादा तुकडा रात्रीच गेला आहे, हे कुणालाच दिसत नसतं. २०२१ च्या सप्टेंबरात याच जिल्ह्यात, उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर, पुलावरच्या पाण्यात एसटीची बस वाहून गेली. जीव गेले. ती बातमी घरोघरी पोचली. तरी पुढच्या पावसाळ्यात काठावर उभं राहिलं की नजर पाण्याकडे जात नाही, पुढच्याकडे जाते. माणूस ऐन वेळी आपल्याला काय माहीत आहे ते आठवत नाही. दुसरा काय करतो आहे ते बघतो.

पुलावर हे वर्षातून दोन-चार दिवस दिसतं. वावरात दर मिरगाला दिसतं.

आमचा मुलूख पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाचा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. त्यामागचं कारण साधं आहे. पहिल्या सरीनं काळ्या मातीचा वरचा दोन-तीन बोटांचा थरच ओला होतो. सरकीला तेवढी ओल पुरते, ती फुगते, कोंब काढते. मग मूळ खाली जायला लागतं आणि खाली कोरडी, तापलेली माती लागते. वरून पुन्हा ऊन. चार दिवसांत कोंब करपतो. बी गेलं, मजुरी गेली, दिवस गेले, आणि दुबार पेरणी आली. जुनी माणसं पावसाचे मिलिमीटर मोजत नसत. ती धुऱ्यावर बसून वीतभर खड्डा खणत, खालची माती मुठीत दाबत. तिचा लाडू वळला तर ओल पोचली म्हणायची.

आज हवामानाचा अंदाज प्रत्येकाच्या खिशात आहे. तरी पहिली सर येते, एका वावरात सरकी टोबायला बाया उतरतात, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या शिवाराच्या पोटात कालवायला लागतं. शेजाऱ्याचं उगवलं आणि आपलं पडीक राहिलं तर? तोट्याची भीती माणूस एकवेळ सोसतो. आपण मागं राहिलो, ही भीती त्याला सोसवत नाही. मग तो खड्डा खणत नाही. धुऱ्यापलीकडे बघतो.

इथवर लिहून थांबलो असतो तर हे चिंतन सोपं झालं असतं: उतावीळपणा वाईट, धीर चांगला. पण आमच्याकडे धूळपेरणीही करतात. पाऊस यायच्या आधीच कोरड्या मातीत बी टाकतात. पाऊस वेळेवर आला तर त्या पिकाला आठ-दहा दिवसांची चाल मिळते, आणि धूळपेरणी साधलेला शेतकरी त्या वर्षी शहाणा ठरतो. म्हणजे थांबणं हेच शहाणपण, असं काही लिहून ठेवलेलं नाही. आणि सगळंच थांबणं शहाणपणाचंही नसतं. मराठीत थांबणं वेगळं आणि ताटकळणं वेगळं. दारव्ह्यावरून मूर्तिजापूर-यवतमाळ अशी शकुंतला नावाची नॅरोगेज रेल्वेगाडी धावायची. इथला कापूस बाहेर न्यायला एका ब्रिटिश कंपनीनं ११३ किलोमीटरचा हा रूळ शंभराहून जास्त वर्षांपूर्वी टाकला. गेली काही वर्षं गाडी बंद आहे आणि लोक ब्रॉडगेजची वाट बघताहेत. याला धीर म्हणत नाहीत, हे ताटकळणं. थांबतो तो स्वतः ठरवून. ताटकळतो तो दुसऱ्याच्या मर्जीवर. बाहेरून दोघं सारखेच दिसतात, दोघंही उभेच असतात.

मग काठावरच्या त्या म्हाताऱ्याला काय म्हणायचं? त्या वेळी मला तो नुसता शहाणा वाटला होता. पुढं बऱ्याच वर्षांनी त्या सकाळचा उरलेला भाग मला नीट आठवला.

थांबणं त्यालाच सर्वांत महाग होतं. माझा फॉर्म दुसऱ्या दिवशी भरता आला असता. मोटरसायकलवाल्यांची कामंही तासाभरानं झाली असती. पण उन्हात दूध थांबत नाही. दुपारपर्यंत पाणी ओसरलं नसतं तर त्याच्या दोन्ही कॅन नासल्या असत्या आणि पलीकडच्या घरांनी रतीब तोडला असता. त्याला कळत होतं की पाण्यात जाऊ नये. तरी त्याचा एक पाय मघापासून पॅडलवर होता. हे मी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता.

तेवढ्यात काठावरच्या चहाच्या टपरीवाल्यानं हाक मारली, "बुढेबाबा, आना ते दूध इकडं. एवढी मानसं अटकली हायेत, चहा लागनच." म्हाताऱ्यानं एक कॅन उतरवली. थोड्या वेळानं दुसरीही. पैसे कनवटीला लावले आणि पॅडलवरचा पाय खाली घेऊन तो बाकावर बसला. त्या बसण्याकडे बघून एकानं गाडी बंद केली. मग दुसऱ्यानं. मीही दुमडलेली पँट हळूच खाली केली. कुणी कुणाला समजावलं नाही, कुणी आकडे सांगितले नाहीत.

म्हणजे शहाणपण म्हाताऱ्याच्या डोक्यात होतं हे खरं, पण ते निभावलं टपरीवाल्यानं दूध घेतलं म्हणून. ज्याच्या घरात आणखी एक बियाण्याची थैली आहे, त्याला पावसाची वाट बघता येते. ज्यानं ती एकच थैली उधारीवर उचलली आहे, त्याला दर ढगात आपलीच वेळ दिसते. अशा माणसाला, थोडा धीर धरायचा होतास, असं सांगणं म्हणजे कोरड्या काठावरून उपदेश करणं. काठ कोरडा असला की कुणालाही शहाणं होता येतं.

आपल्या पुढं कोण गेलं, तो निभावला की बुडाला, यावर आपण आयुष्यभर नजर ठेवून असतो. नोकरी, लग्न, कर्ज, मुलांची शाळा, सगळीकडे. पण त्याच वेळी आपल्या मागं कुणीतरी उभं असतं आणि त्याच्या दृष्टीनं पुढचा म्हणजे आपणच. आपण घातलेली गाडी त्याला धाडस वाटते, आपलं बाकावर बसणं त्याला परवानगी वाटते. आपल्या नकळत आपण कुणाचं तरी ज्ञान होत असतो, खरं किंवा खोटं.

दुपारी एकच्या सुमाराला पाणी उतरलं. पुलाच्या मधोमध कठड्याचा हातभर भाग गेलेला होता आणि तिथं बाभळीची एक फांदी अडकली होती. सकाळी त्या जागेवरूनच तो पोरगा गेला होता. म्हाताऱ्यानं सायकलवरून उतरून ती फांदी ओढून बाजूला टाकली, मागच्या कुणाच्या चाकात येऊ नये म्हणून, आणि रिकाम्या कॅन वाजवत तो पलीकडच्या घरांना आज दूध नाही हे सांगायला निघाला.