अर्जात न मावणारं घर

पिंपरी-चिंचवडमध्ये आधी माणूस यायचा, घर मागाहून. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात टेल्को आली, आकुर्डीत बजाज आली, आणि सातारा-सोलापुराकडून, मराठवाड्यातून, खानदेशातून तरुण पोरं इथे उतरू लागली. चार-पाच जणांत एक खोली, खानावळीचा डबा आणि सणाला गाव. नोकरीत कायम झालं की बायको-मुलं यायची. १९७२ साली स्थापन झालेल्या प्राधिकरणात घर झालं की थकलेले आईवडीलही यायचे. कायम होण्यासाठी ताटकळणं या पट्ट्याला नवं नाही. वर्षात २४० दिवस भरले की कामगाराचे कायदेशीर हक्क सुरू होतात, म्हणून ते भरण्याआधी दिला जाणारा ‘ब्रेक’ काय असतो, हे चाकणच्या कंत्राटी कामगाराला वेगळं सांगावं लागत नाही.

पण घर मागवायला त्या पिढीला कोणाची परवानगी लागली नाही. पुढच्या पिढीला लागते.

मर्सिडीज-बेंझ १९९४ मध्ये टेल्कोच्या पिंपरीतल्या आवारात आली आणि २००९ मध्ये चाकणला गेली. त्याच वर्षी चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. परदेश घराच्या जवळ आला तो असा. निगडीतल्या एखाद्या घराची कल्पना करावी: मुलगा स्टुटगार्टला डिझाइन इंजिनिअर, मुलगी टोरांटोजवळ, जावई अजून दुबईच्या नोकरीत, धाकटा भोसरीत स्वतःचं वर्कशॉप सांभाळतोय आणि आईवडील निगडीतच. अशा घरातलं कोणी कायम वास्तव्याचा अर्ज भरायला बसलं की पगार, शिक्षण, भाषेची परीक्षा यांची तयारी जोरात होते. कुटुंबाच्या रकान्याकडे मात्र कोणी फारसं पाहत नाही. वास्तविक सगळ्यात दूरवरचे परिणाम त्या रकान्याचेच असतात.

कॅनडाचंच पाहा. तिथल्या अर्जासोबतच्या एका फॉर्ममध्ये आईवडील, भावंडं, अगदी वारलेल्यांचीही नावं लिहावी लागतात. पण ज्यांना सोबत नेता येतं ते कुटुंब म्हणजे जोडीदार आणि बावीस वर्षांखालची अविवाहित मुलं. जोडीदार दुबईत असो की दापोडीत, आत्ता येणार असो वा नसो, त्याचं नाव द्यावंच लागतं आणि त्याची वैद्यकीय तपासणीही करून घ्यावी लागते. “ते आत्ता येणार नाहीत, मग उगाच कशाला घालायचं?” हा सल्ला घरातूनही मिळतो, एजंटकडूनही मिळतो. तो धोक्याचा आहे. अर्जाच्या वेळी न दाखवलेल्या माणसाला नंतर कुटुंब म्हणून बोलावता येत नाही, असा तिथला नियम आहे. १९९३ मध्ये फिलिपिन्समधून कॅनडात गेलेल्या एका आईने मागे राहिलेल्या दोन मुलांची नोंद केली नव्हती. पुढे तिने त्यांना आणायचं ठरवलं, तेव्हा दार बंद होतं, आणि २००५ मध्ये संघीय अपील न्यायालयानेही तो नियम वैध ठरवला. सप्टेंबर २०१९ पासून काही प्रकरणांत सवलत सुरू झाली, तरी त्या भरवशावर माणूस लपवणं शहाणपणाचं नाही.

कागद जमवतानाही विखुरलेलं घर आडवं येतं. जिथे जिथे सलग सहा महिने राहिलात, तिथला पोलिसांचा दाखला लागतो. म्हणजे जावयाला भारतातलाही हवा आणि अमिरातीतलाही. चिंचवडचा जुना पत्ता पुणे शहर पोलिसांकडे होता, चाकणचा पुणे ग्रामीणकडे. १५ ऑगस्ट २०१८ पासून दोन्ही पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आले. त्यात आपल्या नावांची रीत निराळी. लग्नाआधी वडिलांचं नाव, लग्नानंतर नवऱ्याचं, कधी माहेरचं नावही बदललेलं. शाळेच्या दाखल्यावर एक बाई, पासपोर्टवर दुसरी. या दोघी एकच आहेत हे पटवण्यासाठी प्रतिज्ञापत्रं आणि राजपत्राच्या प्रती जोडाव्या लागतात.

अमेरिकेत प्रश्न जन्मभूमीचा होतो. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे सात टक्क्यांपर्यंतच वाटा. नागरिकत्व कोणतं याला महत्त्व नाही, जन्म कुठला ते पाहतात. त्यामुळे नवरा चिंचवडच्या दवाखान्यात जन्मलेला आणि बायको तिचे वडील कुवेतला नोकरीत असताना तिथे जन्मलेली असेल, तर तिच्या जन्मदेशाच्या छोट्या रांगेत दोघांनाही उभं राहता येतं. ज्यांना ही वाट नाही, त्यांची मुलं रांगेतच एकवीस वर्षांची होतात आणि आईवडिलांच्या अर्जातून गळून पडतात. २००२ च्या कायद्याने वय मोजण्यात थोडी सूट दिली; पण कौटुंबिक प्रवर्गांतल्या अशा बहुतेक मुलांना २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा रांगेच्या शेवटी पाठवलं.

आईवडिलांच्या बाबतीत सगळ्यात थक्क करणारा हिशेब ऑस्ट्रेलियाचा आहे. तिथे पालकांच्या व्हिसासाठी मुलांची देशवार मोजणी होते. किमान निम्मी मुलं ऑस्ट्रेलियात कायमची स्थायिक हवीत, किंवा इतर कुठल्याही एका देशापेक्षा तिथे जास्त मुलं हवीत. दोन मुलांपैकी एक मेलबर्नला असेल तर आईवडील पात्र. तीन मुलं, एक मेलबर्नला, एक जर्मनीत, एक भोसरीत असेल तर अपात्र. निम्मी भरत नाहीत आणि एकाचं पारडं दुसऱ्या एकाहून जड नाही. भोसरीतला मुलगा आईवडिलांना सांभाळतो की नाही, त्याच्या दोन खोल्यांत त्यांना जागा आहे की नाही, याची चौकशी होत नाही. पात्र ठरलं तरी स्वस्त प्रवर्गातली रांग तीस वर्षांच्या घरात जाते आणि लवकरच्या प्रवर्गाला माणशी ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त मोजावे लागतात. सत्तरीतल्या माणसाला तीस वर्षांची रांग दाखवणं म्हणजे नकारच, तो स्पष्ट शब्दांत दिला असता तर निदान कुटुंबाला पुढचा विचार करता आला असता.

आता आपल्याकडचा कायदा बघा. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा २००७ चा कायदा मुलांवर आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारी टाकतो. निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार सगळं येतं. हा कायदा भारताबाहेरच्या भारतीय नागरिकांनाही लागू असल्याचं त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलं आहे. म्हणजे स्टुटगार्टचा मुलगा भारतीय पासपोर्टवर आहे तोवर निगडीतल्या आईबापांसाठी कायद्याने बांधलेला आहे. तो ज्या देशात कर भरतो, त्या देशाच्या व्याख्येत मात्र ते त्याच्या कुटुंबात जेमतेम बसतात. एका राज्यसंस्थेने कर्तव्य सांगायचं, दुसरीने ते पार पाडायची वाट अडवायची, आणि मधल्या माणसाने व्हिडिओ कॉलवर रक्तदाबाच्या गोळ्यांची चौकशी करायची. मुलं निष्ठुर झाली, असं सोसायटीच्या बाकावर सहज म्हटलं जातं. बऱ्याच घरांत निष्ठुरपणा नियमांचा असतो.

ही भिंत हलत नाही असं नाही. कॅनडाच्या ‘सुपर व्हिसा’वर जुलै २०२२ पासून आईवडिलांना एका वेळी सलग पाच वर्षं राहता येतं, हक्क कायमचा नाही, पण नातवंडं मोठी होताना पाहता येतात. जर्मनी त्याहून पुढे गेली. १ मार्च २०२४ पासून पहिल्यांदा परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडिलांना आणता येतं, आणि जोडीदार तिथे राहत असेल तर सासूसासऱ्यांनाही. अट दोनच गोष्टींची: त्यांचा खर्च आणि आरोग्य विमा. पहिली जमते. दुसरीत बहुतेक अर्ज अडखळतील, कारण सत्तरी ओलांडलेल्या, मधुमेह असलेल्या माणसाला परवडणारा विमा तिथे सहज मिळत नाही. आणि दहा वर्षं तिथे राबलेला चाकणचा इंजिनिअर, परवाना जुना म्हणून, या सवलतीबाहेरच राहतो.

इथे सरकारला बोलायला जागा आहे. भारत आणि जर्मनी यांच्यात डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतराचा करार झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने, स्टुटगार्ट ज्याची राजधानी आहे त्या बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिशांची मर्यादा वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांवर नेली. एवढे हात हवे असतील तर त्या हातांवर विसंबलेल्या वृद्धांचा विमा वाटाघाटीत यायला हवा: दोन्ही देशांच्या विमा कंपन्यांनी मिळून एखादी गट योजना, आणि १ मार्च २०२४ च्या आधी गेलेल्यांनाही तीच सवलत. पेन्शनबाबत दोन्ही देशांचा सामाजिक सुरक्षा करार मे २०१७ पासून लागू आहेच. मंत्रालयातून पुढचं शिष्टमंडळ स्टुटगार्टला जाईल, तेव्हा या दोन मागण्या त्याच्या फायलीत असाव्यात.