लीलेचा जमाखर्च

परमेश्वराने ही सृष्टी कशासाठी निर्माण केली, या प्रश्नाने आपल्या दर्शनकारांना जितके अडचणीत आणले तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या प्रश्नाने आणले असेल. कारण प्रयोजनावाचून शहाणा मनुष्य काही करीत नाही हे मान्य केले तर ईश्वराच्या ठिकाणी काहीतरी उणीव, काहीतरी अपुरी राहिलेली इच्छा गृहीत धरावी लागते, आणि प्रयोजन मुळीच नव्हते असे म्हटले तर त्याची कृती आणि वेड्याचे चाळे यांत भेद करणे दुर्घट होते. बादरायणांनी ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात या पेचातून जी वाट काढली तिचे नाव लीला. भाष्यकार शंकराचार्यांनी तिच्या समर्थनार्थ दोन दाखले दिले: सर्व कामना पुरलेला एखादा राजा किंवा राजाचा अमात्य क्रीडाविहारात रमतो हा एक, आणि श्वासोच्छ्वास कोणत्याही बाह्य हेतूवाचून स्वभावतःच चालतो हा दुसरा. त्यांचे परमगुरू गौडपाद तर याहूनही कडक. सृष्टीविषयीची नाना मते मांडताना ती क्रीडेसाठी आहे असे म्हणणाऱ्यांचेही मत त्यांनी नोंदविले, आणि पूर्णकामाला कसली आली स्पृहा असे विचारून तेही बाजूला सारले. हा त्या देवाचा स्वभावच आहे, एवढेच त्यांना मान्य. म्हणजे क्रीडेच्या मागे लागलेली ‘साठी’सुद्धा त्यांना खपली नाही.

या सर्व ऊहापोहात राजा आला, अमात्य आला, श्वास आला. पण ज्याला पाहताच लीलेची कल्पना कोणालाही विनाभाष्य पटावी ते दीड-दोन वर्षांचे मूल मात्र दृष्टान्ताला बोलावले गेले नाही, याचे मला नेहमी नवल वाटत आले आहे. संन्याशांच्या मठात रांगते मूल कोठून यावे, हे त्याचे सरळ उत्तर असावे.

माझ्या नशिबी सध्या ते आहे. मुलगा आणि सून दोघेही सिरुसेरीला नोकरीस असल्यामुळे निवृत्तीनंतरचे माझे दिवस चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलिपुरम रस्त्यालगतच्या एका उंच इमारतीत जात आहेत. सिपकॉट या तामिळनाडूच्या उद्योग महामंडळाने वसविलेल्या संगणकनगरीमुळे हे गाव नावारूपाला आले. एकीकडे शुद्ध गणिताच्या चिंतनाला वाहिलेली चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, दुसरीकडे हजारो अभियंत्यांना सामावून घेणारी कंपन्यांची विस्तीर्ण आवारे, आणि त्यांच्या आसमंतात मराठी, तेलुगू, बंगाली, हिंदी अशा नाना भाषांचे संसार. मराठी माणूस या मुलखाला नवखा नाही. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले त्याला साडेतीनशे वर्षे होत आली. पूर्वी तो फौजेबरोबर येई, आता नेमणुकीच्या पत्राबरोबर येतो, एवढाच फरक.

माझी नात पावणेदोन वर्षांची आहे. घरकामाला येणाऱ्या अक्कांकडून तिने पाण्याला ‘तण्णी’ म्हणायचे उचलले आहे आणि माझ्याकडून ‘पुन्हा’चे ‘पुना’ केले आहे. या दोन शब्दांच्या भांडवलावर तिचे दिवसाचे बरेचसे व्यवहार निभावतात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर सूनबाईने एक तक्ता लावला आहे, त्यात वारांच्या रकान्यांसमोर मुलीने करावयाच्या ‘ॲक्टिव्हिटी’ मांडल्या आहेत: ओतणे, वेगळे करणे, रंग ओळखणे, नवा स्पर्श, नवा वास. प्रत्येकीपुढे तिने होणाऱ्या लाभाची नोंद आहे, बोटांचे स्नायू, डोळा आणि हात यांचा मेळ, शब्दसंपत्ती इत्यादी. आणि शेवटच्या रकान्यात पार पडल्याची खूण. पेशव्यांच्या काळी एखाद्या परगण्याची जमाबंदी याहून फार निराळ्या रीतीने लिहिली जात नसावी. वसुली मात्र तिकडल्याप्रमाणेच इकडेही ठरल्या बरहुकूम होत नाही. लाल वाट्या लाल थाळीत आणि पिवळ्या पिवळीत टाकावयाच्या दिवशी बाईसाहेबांनी एक वाटी डोक्यावर पालथी घातली, दुसरी माझ्या डोक्यावर घातली, आणि उरलेल्या सकाळभर टोप्यांची ही अदलाबदल एवढ्या गांभीर्याने चालू ठेवली की रंगांचा विषय काढण्याची कोणाची छाती झाली नाही.

सूनबाईंची चेष्टा करावी असा माझा उद्देश नाही. दिवसाचे दहा-दहा तास पडद्यासमोर घालवून घरी आल्यावर जी आई जमिनीवर फतकल मारून तांदळात हात घालते, तिच्या तक्त्याला हसणे हा कृतघ्नपणा होईल. माझा प्रश्न निराळा आहे. मुलाचे खेळणे त्याला काही ना काही शिकविते याविषयी कोणाचेच दुमत नाही. पण ते शिकण्यासाठी खेळते काय? आणि आपण ती ‘साठी’ त्याच्या खेळात घातली, तर जे उरते ते खेळ असते काय?

या प्रश्नाचा विचार करणाऱ्या आधुनिकांपैकी सर्वांत मोठी व्यक्ती सिरुसेरीच्या उत्तरेला, अड्यारच्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या आवारात, येऊन राहिली होती. मारिया माँटेसोरी 1939 साली शिक्षकांना प्रशिक्षण देण्याकरिता थोड्या मुदतीसाठी मद्रासेस आल्या. पुढे महायुद्धात इटली जर्मनीच्या बाजूने उतरली, आणि शत्रुराष्ट्राच्या नागरिक म्हणून त्यांच्यावर सरकारी निर्बंध आले. त्यांचा मुलगा मारिओ याला तर आपल्या अहमदनगरास स्थानबद्ध करण्यात आले होते. युद्धाच्या या अडकवणुकीमुळे त्यांचा मुक्काम काही वर्षे लांबला. त्यापूर्वी कित्येक वर्षे, 1907 साली रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह उघडले तेव्हा, त्यांनी एका तीनेक वर्षांच्या मुलीला लाकडी गट्टू त्यांच्या त्यांच्या भोकात बसविताना पाहिले. ती ते बसवी, काढी, मिसळी, पुन्हा बसवी. इतर मुलांना गाणे म्हणावयास सांगितले, त्या मुलीला खुर्चीसकट उचलून मेजावर ठेवले, तरी तिचे चालूच. चाळीसहून अधिक वेळा तिने ते आवर्तन केले आणि मग एखादी सुखाची झोप पुरी व्हावी तशी ती थांबली. माँटेसोरींनी याला खेळ म्हणणे नाकारले. मूल काम करते, असे त्यांचे निक्षून सांगणे, आणि त्या कामातून ते पुढचा मनुष्य घडविते.

वरवर पाहता इटलीची ही विदुषी आणि आपले वेदान्ती यांच्या भूमिका परस्परविरुद्ध वाटतात: एक म्हणते लीला नव्हे, कार्य, दुसरे म्हणतात कार्य नव्हे, लीला. परंतु त्या मुलीचे गट्टू कोणाला दाखविण्यासाठी नव्हते, संपविण्यासाठी नव्हते, चाळीसाव्या खेपेला पहिल्या खेपेहून अधिक काही तिच्या पदरात पडणार होते असेही नव्हे. फळ होते, पण ते कर्तीच्या दृष्टीच्या टप्प्यात नव्हते. आपल्याकडे ताराबाई मोडकांनी हेच तत्त्व महागड्या साहित्याच्या पेटीतून सोडवून शिंपले, बिया, माती आणि पानांपर्यंत आणले; 1945 नंतर बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या साथीने त्यांनी आदिवासी पाड्यांत, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणात, शाळा नेली. शाळा मुलाकडे जाते, मुलाला शाळेकडे ओढावे लागत नाही, ही त्यातली गोष्ट मला माँटेसोरींच्या ग्रंथांपेक्षाही मोठी वाटते.

येथे एका गोड गैरसमजाचे निरसन करणे अवश्य आहे. फळाची आशा न धरता कर्म करणारे मूल म्हणजे गीतेतील निष्काम कर्मयोगीच, असे पुष्कळदा भावनेच्या भरात लिहिले जाते. ज्याने पावणेदोन वर्षांच्या व्यक्तीच्या हातून डाव काढून घेण्याचा प्रसंग स्वतः अनुभवला आहे तो असे लिहिणार नाही. कामना तिच्या ठायी भरपूर आहे, आणि ती भंगली तर तिचा निषेध वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जातो. मात्र तिची कामना आणि तिचे कर्म यांच्यामध्ये फट नाही. एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात पाणी ओतताना तिला जे हवे आहे ते ओतणेच आहे. फळाचा त्याग करावयाचा तर फळ कर्माहून वेगळे दिसावे लागते, आणि ते वेगळे दिसते तिच्या आईला, बापाला, आजोबाला. बोटांचे स्नायू आम्हांला ठाऊक. तिला तण्णी ठाऊक. तेव्हा कर्मावर अधिकार आणि फळावर नाही, हा भगवंतांचा उपदेश या घरात कोणाला लागू पडत असेल तर तो तिला नव्हे, आम्हांला. पाणी किती घ्यावे, पेला किती जड असावा, फरशी निसरडी तर नाही, हाताशी ठेवलेली बी घशात अडकण्याजोगी तर नाही, ही सर्व सिद्धता डोळ्यांत तेल घालून करावयाची, आणि मग तिने पेला उलटा धरून त्याचा ढोल केला तर ढोल ऐकावयाचा. अनास्था म्हणजे अनासक्ती नव्हे, हे सांगावयास नको. पण तक्त्याच्या शेवटच्या रकान्याचा मोह सोडणे हा मोठमोठ्यांना कठीण जाणारा संन्यास आहे.

ज्या मुलखात आम्ही राहतो तेथील भाषेने या लहान मुलाच्या खेळाला जो मान दिला आहे तो पाहून मराठी मनुष्याने थोडे अंतर्मुख व्हावे. आपल्या संतांनी कृष्णाच्या बाळक्रीडा गायिल्या, हमामा, हुतुतू, फुगडी, चेंडू यांवर अध्यात्माची रूपके रचली. पण त्यांतले खेळ बहुधा गोपाळांच्या वयाचे, दोन पाय घट्ट रोवून खेळावयाचे. तामिळ भाषेत ‘पिळ्ळैत्तमिळ’ नावाचा एक स्वतंत्र काव्यप्रकार आहे, त्यात देव किंवा देवी, राजा किंवा गुरू, कोणीही असो, त्याला तान्हे मूल कल्पून त्याच्या शैशवाची दहा पर्वे क्रमाने गावयाची असतात. रक्षणासाठी देवतांचा धावा, मग हातांवर भार देऊन डोलणे, अंगाई, टाळ्या वाजविणे, पापा मागणे, ‘ये’ म्हणून चालत बोलावणे, चंद्राला खेळावयास हाक मारणे. आणि शेवटी मुलगा असेल तर वाळूची घरकुले, छोटे ढोलके, छोटा रथ, मुलगी असेल तर सागरगोट्यांसारखा खेळ, जलक्रीडा आणि झोपाळा. सतराव्या शतकात कुमरगुरुपरर या शैव कवीने मदुरेच्या मीनाक्षीवर रचलेले पिळ्ळैत्तमिळ या प्रकारातले शिखर मानले जाते. विश्वजननी टाळ्या वाजविते, आणि कवी त्या टाळीत कोणताही लाभ शोधीत नाही. (चंद्राच्या पर्वाचे नाव अंबुली, तामिळ पोरेही चंद्राला मामाच म्हणतात. ज्या ‘चांदोबा’ मासिकावर आमची पिढी वाढली ते मद्रासेत निघे, आणि त्याच्या तामिळ भावंडाचे नाव ‘अंबुलीमामा’ होते, हे मला येथे आल्यावर कळले.) बाजारात हिंडताना पांगुळगाडा दिसला, त्याला येथे नडैवंडी म्हणतात, भातुकलीची लाकडी भांडी दिसली, ती सोप्पु सामान. वस्तू त्याच, लाकडाचा लाल-पिवळा रंगही जवळजवळ तोच.

आता राहिला तो प्रश्न म्हाताऱ्यांचा. बृहदारण्यकात कहोल याज्ञवल्क्यांना ब्रह्माविषयी विचारतो तेव्हा उत्तरात असे येते की ज्ञात्याने पांडित्य पुरे करून बाल्याने राहावे. या वचनावर पुढे वाद माजला, आणि ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या अखेरीस त्याचा निवाडा आहे. पूर्वपक्ष असा की बाल्य म्हणजे बालकाचे वागणे, म्हणजे मनास येईल ते खावे, मनास येईल तेथे मलमूत्रविसर्जन करावे. आचार्यांनी हा पक्ष भाष्यात खरोखरच स्पष्ट शब्दांत मांडला आहे, आणि तो वाचताना माझ्या मांडीवर नेमके काय चालले होते याचा तपशील मी येथे देत नाही. सिद्धान्त असा की ते नव्हे; स्वतःचे ज्ञान, विद्वत्ता, धार्मिकता यांचे प्रदर्शन न मांडणे, दंभ आणि दर्प यांचा लेश नसणे, तेवढेच बालकाकडून घ्यावयाचे. नात वाटी डोक्यावर ठेवते तेव्हा ती कोणाकडे पाहत नाही. आम्ही तिचे छायाचित्र काढतो, ते पुण्याला आणि सातासमुद्रापलीकडे धाडतो, आणि त्यानंतर ती वाटी डोक्यावर ठेवताना प्रथम दूरध्वनीकडे पाहू लागते. याज्ञवल्क्यांनी जे पांडित्याच्या पलीकडे जाऊन मिळवावयास सांगितले ते आम्ही तिच्याकडून पांडित्य सुरू होण्यापूर्वीच काढून घेत आहोत, अशी माझी या प्रकरणी सर्वांत गंभीर तक्रार आहे, आणि तक्त्यापेक्षा मला त्या भिंगाचे भय अधिक वाटते. येथून दक्षिणेस थोड्याच अंतरावर तिरुप्पोरूरला मुरुगनाचे जुने देवालय आहे. याच बाळदेवाने कुंभकोणमजवळच्या स्वामिमलैला आपल्या बापाला, साक्षात शिवाला, प्रणवाचा अर्थ सांगितला, आणि शिवाने तो शिष्याच्या नम्रतेने ऐकला, अशी कथा आहे. ऐकणारा बाप ही त्या कथेतली अवघड जागा.

रविवारी कधी कधी आम्ही बकिंगहॅम कालव्यापलीकडे, कोवळमच्या किनाऱ्यावर जातो. तेथे नातीचा एकच उद्योग: वाळूचा ढीग आम्ही रचावा आणि तिने पायाने मोडावा, पुना. याचे तिला दुःख नाही, आम्हांलाही नाही. पण शेजारी थोडी मोठी मुले किल्ला रचीत असली की तिचा पाय तिकडे वळतो, आणि येथे मला पिळ्ळैत्तमिळातल्या ‘सिट्रिल’ पर्वाची आठवण होते. त्यात वाळूची घरकुले मांडणाऱ्या पोरी बाळदेवाला विनवितात, आमची घरे मोडू नकोस. इतर पर्वांत आईच्या कौतुकाने बोलणारा कवी या ठिकाणी भूमिका बदलतो आणि पोरींच्या बाजूला जाऊन उभा राहतो. लीलेच्या सिद्धान्तात ज्यांची घरे मोडतात त्यांची कैफियत सहसा ऐकली जात नाही. बादरायणांनी पुढच्याच सूत्रात ईश्वराच्या पक्षपाताचा आणि निर्दयतेचा आक्षेप घेतला खरा, पण त्याचे उत्तर जीवांच्या आपापल्या कर्मावर सोपवून दिले. सिट्रिलमधल्या पोरी पूर्वजन्मीचे दप्तर काढीत नाहीत, पाय आवर एवढेच म्हणतात. या एका मुद्द्यावर मी वेदान्त्यांना सोडून त्यांच्या पक्षाला मिळालो आहे, आणि नातीला उचलून, तिच्या आरडाओरड्याची पर्वा न करता, पाण्याकडे नेतो.