ओसरीवरचा पाहुणा

प्रवासाहून परतलेला माणूस आपण काय काय पाहिले त्याची यादी सांगतो. त्यातले काय पाहण्याचा आपल्याला अधिकार होता, हा प्रश्न तो स्वतःला सहसा विचारीत नाही. मीही कधी विचारला नव्हता. गेल्या वर्षी स्पेनच्या अगदी दक्षिण टोकाला असलेल्या तारिफा या गावाहून सकाळच्या बोटीने मी मोरोक्कोतल्या टँजियर शहरी गेलो आणि संध्याकाळी परत आलो. तेव्हापासून तो प्रश्न माझ्यामागे लागला आहे.

जाण्याचे कारण काही मोठे नव्हते. माझा भाचा नोकरीनिमित्त तिकडे असतो. सुट्टीत त्याच्याकडे गेलो होतो. "मामा, इतके लांब आला आहात, तर एका दिवसात आफ्रिकाही होऊन जाईल," तो म्हणाला. आपल्याकडे अष्टविनायक 'होतात', तशी आफ्रिका होणार होती. तिकिटातच सगळे आले होते : जाण्यायेण्याची बोट, पलीकडची बस, वाटाड्या, उंटावरची रपेट, दुपारचे जेवण आणि परत निघण्याची वेळ. माझ्यासाठी मोरोक्कोचा व्हिसा मात्र निराळा काढावा लागला; आणि माझ्या युरोपच्या व्हिशावर एकाहून अधिक वेळा प्रवेशाची मुभा आहे ना, हे भाच्याने दोनदा तपासून पाहिले. ती नसती, तर सकाळी बाहेर पडलेल्या मला संध्याकाळी स्पेनमध्ये पाऊल ठेवता आले नसते. त्या वेळी ही मला केवळ एक कटकट वाटली.

जिब्राल्टरची सामुद्रधुनी जिथे सर्वांत अरुंद आहे तिथे दोन खंडांमध्ये सुमारे १४ किलोमीटर पाणी आहे. तारिफाहून टँजियर त्याहून लांब पडते, तरी वेगवान बोट तासाभरात पोचते. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला जायला साधारण तेवढाच वेळ लागतो. बोटीतच मोरोक्कोचा पोलीस अधिकारी मेजाशी बसून पासपोर्टांवर शिक्के मारीत होता. आम्ही त्याच्या रांगेत उभे असतानाच आफ्रिका जवळ आली. आयुष्यात प्रथमच दिसणारा एक खंड मी पुढच्या माणसाच्या खांद्यावरून पाहिला.

टँजियर हे नाव मला इतिहास शिकवताना भेटलेले होते. १६६१ च्या तहाने पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्या लग्नात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला मुंबई आंदण मिळाली, हे आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. त्याच आंदणात टँजियरही होते, हे फारसे कुणी सांगत नाही. मुंबई राजाने १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीच्या हवाली केली. टँजियर सांभाळणे झेपेना, म्हणून इंग्रजांनी १६८४ मध्ये तिथला धक्का आणि तटबंदी पाडून टाकून ते सोडले. पुढे विसाव्या शतकात अनेक परकी राष्ट्रांनी मिळून त्या शहराचा कारभार चालवला, आणि १९५६ मध्ये मोरोक्को स्वतंत्र झाला तेव्हा ते पुन्हा आपल्या माणसांचे झाले. एकाच मांडवात आंदण दिलेल्या या दोन बहिणी! तेव्हा मुलखातल्या माणसाने मावशीकडे जावे, तशा थाटात मी निघालो होतो. बाकीचे प्रवासी परके. माझे काही तरी नाते आहे, असे मी मनाशी धरून चाललो होतो.

धक्क्यावर आमचा वाटाड्या उभा होता. पन्नाशीचा, अंगात मोरोक्कन पद्धतीचा पायघोळ झगा, हातात काठी आणि काठीच्या टोकाला पिवळा रुमाल. त्याने आधी आम्हाला मोजले. सत्तावीस. त्यानंतर दिवसभर प्रत्येक वळणावर तो आम्हाला मोजीत होता. एकच विनोद तो स्पॅनिश, फ्रेंच आणि इंग्रजी अशा तीन भाषांत तीनदा करी, आणि तिन्ही वेळा स्वतः मनापासून हसे. मी कुठला हे कळल्यावर अमिताभ बच्चनचे नाव घेऊन त्याने माझा हात दाबला. शाळेची सहल नेताना मी जे करतो तेच हा माणूस करीत होता, तरी मला त्याच्याविषयी आपुलकी वाटण्याऐवजी राग येऊ लागला. दिवस जसजसा वर चढला, तसतसा तो वाढला.

बसने आम्हाला स्पार्टेलच्या भूशिरावर नेले. तिथले दीपगृह १८६४ सालचे. वाटेत कडेला उंट बसवून ठेवले होते; त्यांच्यावर बसून चार पावले जायचे आणि छायाचित्र काढून उतरायचे. मग जुन्या शहराचे बोळ, साप खेळवणारा एक म्हातारा, आणि एका दिवाणखान्यात कुसकुसचे जेवण. तिथे चार वादक आमच्यासाठी वाजवीत होते. आम्ही उठताच ते थांबले, कारण पुढचा घोळका जिन्यात येऊन उभा होता. शेवटी गालिच्यांचे दुकान. दुकानदाराने पुदिन्याचा चहा पाजला आणि वीस-पंचवीस गालिचे आमच्या पायांशी उलगडले. कुणी एकही घेतला नाही. त्याची पोरे ते मुकाट्याने पुन्हा गुंडाळू लागली.

मला ते सहन होईना. मी भाच्याला म्हटले, "हे सगळे सोंग आहे. याला विचार, खरे टँजियर कुठे आहे? म्हणावे, तुझे घर दाखव. तुम्ही कसे राहता, ते आम्हाला पाहू दे." भाचा कचरला, पण मामाचा शब्द मोडवेना, म्हणून त्याने ते इंग्रजीत सांगितले.

वाटाड्या या खेपेला हसला नाही. तो म्हणाला, "तीस वर्षे मी हेच करतो आहे. सकाळी बोट येते, संध्याकाळी जाते. माझे आयुष्य यातच गेले. याहून खरे ते तुम्हाला कुठून आणून दाखवू?" मग जरा थांबून म्हणाला, "घरी म्हातारी आई आहे. ती काही पाहण्याची जागा नाही."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. त्याने काठी उचलली, आम्हाला मोजले आणि तो पुढे चालू लागला. मी मात्र चपराक बसल्यासारखा मागे रेंगाळलो.

आपल्या जुन्या घरांना ओसरी असे. कासार येई तो ओसरीवर बसे. पोस्टमन, वाटसरू, परगावचा सावकार, सगळ्यांना ओसरीवरच गूळपाणी मिळे. त्यांतला कुणी माजघरात डोकावला, तर त्याला असभ्य म्हणत. पण ओसरी हे सोंग आहे, खरे घर आत लपवलेले आहे, असे कुणी कधी म्हटल्याचे मी ऐकले नाही. ओसरीही घरच असते. परक्यासाठी घराने पुढे केलेला तो हात असतो. टँजियरने आम्हाला आपली ओसरी दाखवली. उंट, वादक, गालिचे, तीन भाषांतला विनोद, हे त्या ओसरीवरचे गूळपाणी. ते पिऊन वर मी माजघर मागत होतो, आणि त्या मागणीला जिज्ञासा असे चांगले नाव देत होतो.

कुणी म्हणेल, ओसरीवरचे गूळपाणी फुकट असे. इथे तर तुम्ही दाम मोजले होते. मोजले खरे. पण दामाने मी काय घेतले? एका माणसाचा दिवस घेतला, त्याचे घर नव्हे. ज्याची येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असा त्या शब्दाचा अर्थ आपण सांगत आलो. आमची तर तिथीच काय, घटकाही तिकिटावर छापलेली होती. आम्ही अतिथी नव्हतो, गिऱ्हाईक होतो. आणि गिऱ्हाईक होण्यात काही कमीपणा नाही. मात्र गिऱ्हाइकालाही धर्म असतो. खाणावळीत ताटाचे पैसे दिले म्हणून बाईच्या संसाराची चौकशी करायची नसते.

त्या बोळात उभा असताना मला माझी एक जुनी सहल आठवली. पुष्कळ वर्षे झाली. कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड होऊनही बराच काळ लोटला होता. किल्ला पाहून उतरताना वाटेत एक कातकरी वाडी लागली. मुलांना 'जीवनाचे दर्शन' घडावे या शुद्ध हेतूने मी चाळीस पोरे त्या वाडीत शिरवली. पोरे झोपड्यांत डोकावू लागली, चुलीवरच्या मडक्यात काय शिजते आहे ते एकमेकांना सांगू लागली. एक म्हातारी उठली आणि तिने आपले कुडाचे दार ओढून घेतले. मी वर्गात दुसऱ्या दिवशी सांगितले की, या लोकांत अजून संकोच फार आहे. आम्ही तिला काही दिले नव्हते, तिची परवानगी मागितली नव्हती, आणि तिच्या दारी कुणी वाटाड्याही नव्हता, जो आम्हाला सभ्यपणे सांगेल की ही पाहण्याची जागा नाही. तिच्याजवळ एक दार होते, तेवढे तिने लावले. तिचा संकोच मला दिसला. स्वतःचा उर्मटपणा दिसायला टँजियरपर्यंत जावे लागले.

मग परक्याने परक्याला कधी ओळखूच नये काय? जुन्या शहरातल्या एका बोळात इब्न बतूताची म्हणून दाखवतात ती लहानशी कबर आहे. तो इथलाच. जन्म १३०४ चा. १३२५ मध्ये हजला म्हणून निघाला तो आपल्या देशापर्यंत आला. मुहम्मद तुघलकाने त्याला दिल्लीत काझी नेमले. आपले दौलताबाद त्याने पाहिले, नंदुरबारविषयी लिहिले. आमच्या सहा तासांपुढे त्याची चोवीस वर्षे! तरीही त्याचा वृत्तांत वाचताना जाणवते की, त्याने पाहिले ते मुख्यतः दरबार, मशिदी, काझी आणि विद्वान यांचे जग. चोवीस वर्षांतही माणसाला बहुतेक ओसऱ्याच पाहायला मिळतात. १३४९ मध्ये तो मोरोक्कोला परतला, तेव्हा काही काळापूर्वीच त्याची आई प्लेगाने गेली होती. टँजियरला येऊन त्याने तिची कबर पाहिली. अर्धे जग पाहिलेल्या माणसाला स्वतःचे माजघर मात्र रिकामे सापडले.

तेव्हा थोडे पाहिले याची मला खंत नाही. जेवढे दाखवले तेवढे आदराने पाहावे, असे समाधान मी करून घेत होतो. पण तेही पुरते टिकले नाही.

धक्क्याकडे उतरण्यापूर्वी आम्ही कसब्याच्या तटातल्या समुद्राकडच्या दरवाजाशी थांबलो. हवा स्वच्छ होती. पलीकडे स्पेनचा किनारा दिसत होता. वाटाड्या माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मघाचे काही त्याच्या मनात राहिलेले नसावे. तो म्हणाला, "लहानपणी बापाबरोबर एकदा तिकडे गेलो होतो. आइस्क्रीम खाल्ले आणि संध्याकाळी परत आलो." मोरोक्कोच्या माणसाला स्पेनला जायला १९९१ पर्यंत व्हिसा लागत नसे. "आता कागद मागतात. दोनदा दिले. दोनदा नाही म्हणाले." एवढे सांगून तो पुन्हा आम्हाला मोजू लागला.

त्यानंतरच्या वर्षांत लहान होड्यांतून रात्री हेच पाणी ओलांडू पाहणारी किती तरी माणसे बुडाली. तारिफाच्या दफनभूमीत त्यांतल्या काहींची बिननावाची थडगी आहेत. ज्या पाण्यावर आम्ही कॉफी पीत एक तास काढला, तेच हे पाणी. भाच्याने माझ्या व्हिशावरचा जो शब्द दोनदा तपासला होता, त्याचे मोल मला तेव्हा कळले.

ओसरीचा न्याय मी वर सांगितला, त्याच्या पोटात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. आज तो माझ्या ओसरीवर बसला, उद्या मी त्याच्या गावी गेलो तर त्याच्या ओसरीवर बसेन. जाणे होईल न होईल. पण वाट दोन्हीकडून मोकळी असते, म्हणून तर यजमानाची मान ताठ राहते. इथे एक माणूस तीस वर्षे रोज सकाळी पाहुणे उतरवून घेतो आणि संध्याकाळी त्यांना बोटीवर चढवतो, आणि त्याला स्वतःला त्या बोटीची फळी ओलांडता येत नाही. हा दोष त्याचा नाही, आणि मी कुणी मोठा सत्ताधारी नाही; मीसुद्धा कागदांचे भेंडोळे घेऊन रांगेत उभा राहिलेला माणूस आहे. तरी त्या दिवशी वाट माझ्या बाजूने मोकळी होती, त्याच्या बाजूने बंद होती. आणि मी सबंध दिवस तक्रार करीत होतो ती मला पुरेसे दाखवले नाही याची.

निरोप घेताना मी त्याचा हात हातात घेतला आणि सवयीने मराठीतच म्हणालो, "या एकदा आमच्याकडे." दारात उभे राहून आयुष्यभर ज्याला त्याला म्हणत आलेले हे वाक्य. बोलून गेल्यावर भाच्याकडे पाहिले. तो घुटमळला, हे याला सांगावे की नाही, ते त्याला कळेना. मी म्हटले, "सांग." त्याने सांगितले.

वाटाड्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. "इन्शाल्ला," तो म्हणाला, आणि पिवळा रुमाल वर करून त्याने आम्हाला शेवटचे मोजले. सत्तावीस भरले.